फळा पुसायचा केव्हा?

गणिताचा तास संपतो. फळा आकडेमोडीने भरलेला असतो. पुढचा तास मराठीचा. त्या बाईंना फळा लागेलच असे नाही. लागला तर पुसतील, असे म्हणून आपण तो तसाच सोडतो. संगणकाच्या इतिहासात असाच एक निर्णय १९८२ साली घेतला गेला. तो अंगाशी आला ३६ वर्षांनी.

प्रोसेसरमध्ये चालू हिशेबाचे आकडे ठेवायला मोजक्या जागा असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. हजेरीच्या रजिस्टरशी त्यांचा संबंध नाही. ‘फ्लोटिंग पॉइंट’ संख्यांसाठी, म्हणजे दशांशचिन्हाची जागा सरकती ठेवून लिहिलेल्या संख्यांसाठी, वेगळी रजिस्टरे असतात. एका प्रोसेसरवर अनेक आज्ञावल्या आळीपाळीने चालतात. पाळी बदलली की आधीचीची रजिस्टरे स्मृतीत उतरवून ठेवायची आणि नवीचे आकडे त्यांत भरायचे, हे काम कार्यप्रणालीचे.

आयबीएमच्या केंब्रिजमधील केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचा तो पहिला मोठा प्रयोग. आज अशा प्रणालीला हायपरवायझर म्हणतात. मूळ यंत्र यजमान आणि आभासी यंत्रे त्याचे पाहुणे. सिस्टिम/३६० मालिकेतील यंत्रांत फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टरे चारच, प्रत्येकी ६४ बिटांची. एकूण ३२ बाइट! ती जपून ठेवण्याचा भार किरकोळ होता.

इंटेलचा ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर १९८० साली आला. त्याची स्थिती ९४ बाइटांची होती आणि त्या काळच्या मंद यंत्राला ती उतरवून घेणे जड जाई. शिवाय बहुतेक आज्ञावल्यांना अपूर्णांकांची गरजच नसे. म्हणून १९८२ च्या ८०२८६ मध्ये ‘टीएस’ नावाचे एक बिट ठेवले गेले. पाळी बदलली की ते १ होई आणि जुने आकडे जागच्या जागी राहत. नव्या आज्ञावलीने फ्लोटिंग पॉइंटची पहिली आज्ञा दिली की प्रोसेसर काम थांबवून कार्यप्रणालीला हाक मारी. अदलाबदल तेव्हा होई. युक्ती शहाणपणाची होती यात शंका नाही.

इंटेलने २००५ साली पाहुणे सांभाळण्याची सोय प्रोसेसरमध्येच केली, पण फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांची ने-आण हायपरवायझरवरच सोडली. झेन आणि केव्हीएम यांनी तीच जुनी युक्ती उचलली, पण आता ती दोन मजल्यांवर चालू लागली. पाहुण्याची स्वतःची कार्यप्रणालीही आत टीएस वापरत असते. त्यामुळे हाक आली की हायपरवायझरला आधी पाहावे लागे, की पाहुण्याच्या समजुतीप्रमाणे ते बिट ० आहे की १? ० असेल तर हाक आपल्यासाठी. १ असेल तर ती पाहुण्याच्या कार्यप्रणालीकडे पोचवायची. गुंतागुंत बरीच होती, आणि चुकीची किंमत म्हणजे एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात.

दरम्यान युक्तीमागचे कारणच संपत चालले होते. रजिस्टरे वाढत गेली. एव्हीएक्स-५१२ मध्ये ती ३२ आहेत, प्रत्येकी ६४ बाइटांची. पण स्मृतीतला मजकूर इकडून तिकडे हलवण्यासारख्या साध्या कामांनाही ती वापरली जाऊ लागली. म्हणजे पुसण्याची पाळी जवळजवळ प्रत्येक तासाला येणार आणि वर हाक मारण्याचा खर्चही होणार. लिनक्सने २०१६ मध्ये सर्व प्रोसेसरांसाठी ही पद्धत सोडली आणि २०१७ मध्ये केव्हीएमनेही ती काढून टाकली. हा बदल सुरक्षेसाठी नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

जून २०१८ मध्ये खरा धोका उघड झाला. आधुनिक प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून ठेवतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत टीएसची हाक जाण्याआधीच, उरलेले जुने आकडे घेऊन पुढच्या काही आज्ञा होऊन जात. नंतर उत्तर रद्द होई, पण त्या आकड्यावरून स्मृतीतला जो कप्पा आणला गेला तो प्रोसेसरजवळच्या जलद साठ्यात राही. कोणता कप्पा पटकन मिळतो हे घड्याळ लावून पाहिले की मूळ आकडा कळे. फळा पुसण्याआधीच कोणीतरी वाचून घेतलेला!

आणि फळ्यावर आता नुसते अपूर्णांक नव्हते. इंटेलने २०१० पासून गुप्तलेखनासाठी दिलेल्या एईएस आज्ञांच्या किल्ल्या याच रजिस्टरांत असतात. शेजारच्या पाहुण्याला त्या मिळू शकत होत्या.

ही बातमी काही दिवस गुप्त ठेवायची होती. पण ओपनबीएसडीच्या थिओ द राट यांनी, कोणी सांगितलेले नसताना, ओटावाच्या परिषदेत आपला तर्क जाहीर केला. तो ऐकून कॉलिन पर्सिव्हल यांनी सुमारे ५ तासांत हल्ला करून दाखवणारी आज्ञावली लिहिली. मग लपवण्यात अर्थ उरला नाही. १३ जूनला घोषणा झाली. झेननेही दुरुस्ती दिली आणि पाळी बदलताच रजिस्टरे बदलू लागली. टीएस हे बिट मात्र प्रोसेसरमध्ये अजून आहे.