प्रमाण कोण: पोथी की मन?

1649 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक सांगत होता, की धर्मात वाद निघाला तर तो बायबलवर घासून पाहावा. श्रोत्यांत जॉर्ज फॉक्स बसला होता. पंचविशीतला हा तरुण चांभारकामाची उमेदवारी केलेला. त्याला राहवले नाही. कसोटी पोथीची नव्हे, पोथी ज्या आत्म्याच्या प्रेरणेने लिहिली गेली त्याची, असे तो भर सभेत ओरडला आणि तुरुंगात गेला. हाच क्वेकर पंथाचा संस्थापक.

क्वेकरांचे हे भांडण वाचताना मला माझी वाई दिसते. गंगापुरीतल्या प्राज्ञपाठशाळेत हाच प्रश्न संस्कृतातून सोडवला जात होता आणि तिथले शास्त्री तर मुळात पोथीचीच माणसे. पाठशाळा उभी करणारे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, मीमांसेचे पंडित. धर्म कळतो तो वेदाच्या विधिवाक्यांतून, माणसाच्या बुद्धीला तिथे स्वतंत्र प्रवेश नाही, हा मीमांसेचा पाया.

तरी शास्त्रातही मनाला एक जागा आहे. धर्माची चार प्रमाणे सांगताना मनूने श्रुती, स्मृती, सदाचार यांच्यामागून आत्मनस्तुष्टी धरली आहे. पण कुमारिल भट्टांनी त्या दाराला कडी घातली. ज्याचे मन वेदाच्या अभ्यासात मुरले आहे, त्याच्याच मनाची ग्वाही खरी. बाकीच्यांची मने हिशेबात नाहीत. फॉक्सचे म्हणणे नेमके उलट होते. पोथी लिहवणाऱ्या त्या आत्म्याचा प्रकाश प्रत्येक स्त्रीपुरुषात आहे, म्हणून क्वेकर स्त्रियाही सभेत बोलू लागल्या.

पुणे करारानंतर, 1932 च्या अखेरीस, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात शास्त्रीमंडळींना बोलावले. अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे का, हा विषय. सनातनी पंडित एका बाजूला. दुसऱ्या बाजूला नारायणशास्त्र्यांचे शिष्य, तिशीतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. लक्ष्मणशास्त्र्यांनी वचनाला वचनाने उत्तर दिले. गांधीजींनी मात्र आपला निकाल आधीच सांगून ठेवला होता. शास्त्र अस्पृश्यता शिकवत असेल, तर ते शास्त्र त्यांना मान्य नव्हते. मग शास्त्र्यांची गरजच काय, असे कोणी विचारील. मला वाटते, गरज होती. गावोगावचा माणूस पोथीला भीत होता आणि त्याची भीती पोथी जाणणाराच घालवू शकत होता.

8 मे 1933 ला गांधीजींनी आतल्या आवाजाच्या आज्ञेने एकवीस दिवसांचे उपोषण धरले. हा आवाज परमेश्वराचा की मनाचा खेळ, असे टीकाकारांनी विचारले. हा प्रश्न क्वेकरांना फार महागात पडला होता. 1656 साली जेम्स नेलर हा त्यांचा पुढारी येशूसारखा ब्रिस्टल शहरात मिरवत शिरला. पार्लमेंटने त्याच्या कपाळावर डाग दिला, जिभेला तापल्या सळईने भोक पाडले. तेव्हापासून एकट्याला झालेला साक्षात्कार सभेने पारखून घ्यावा, याकडे पंथाचा कल वाढला.

गांधीजींचे उपोषण ज्या पर्णकुटी बंगल्यात सुटले, तिथेच 16 जूनला देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचे लग्न लागले. वर वैश्य, वधू ब्राह्मण, म्हणजे प्रतिलोम विवाह. स्मृतिकारांनी असे लग्न निषिद्ध मानले आहे. पौरोहित्य केले लक्ष्मणशास्त्र्यांनी. येरवड्यातल्या साऱ्या वादापेक्षा मला ही घटना मोठी वाटते, कारण इथे वचन शोधण्याचा आटापिटा संपला होता.

पुढे नागपूरच्या व्याख्यानांतून लक्ष्मणशास्त्र्यांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ मांडली आणि शब्दप्रामाण्यालाच हात घातला. त्याच वेळी वाईत धर्मकोशाचे काम चालू होते. त्याचा पहिला खंड 1937 मध्ये निघाला होता. त्यात काळाच्या क्रमाने मांडलेली धर्मशास्त्राची वचने पाहिली, की आचार कसे बदलत गेले ते दिसते. पोथीचा इतका कसून अभ्यास करून मग तिच्या हुकमतीतून बाहेर पडणे, ही वाईच्या पंडितांची कमाई मी फार मोलाची मानतो.

पण याच जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणला विसरून हा इतिहास सांगता येत नाही. ते जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. कोणताही ग्रंथ ईश्वराने केलेला नाही, आणि सत्य पारखण्याचा अधिकार स्त्रीपुरुष दोघांना सारखा आहे, हे त्यांचे म्हणणे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात 1891 सालीच छापून आले होते. त्यासाठी त्यांना तर्कतीर्थ व्हावे लागले नाही. कुमारिलांची कडी त्यांनी काढली ती बाहेरून, जिथे सगळे उभे होते तिथून. वाईच्या शास्त्र्यांना तिथवर यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आमच्या जिल्ह्यातल्या शाळाकॉलेजांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ ही दोन पुस्तके एकाच वर्षी, एकापाठोपाठ एक, मुलांच्या हाती द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.