'मजबूत' आणि 'चिवट' : प्लास्टिकच्या आघातपरीक्षेचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यात मिरचीच्या शेतासाठी नळी विकत घेणारा शेतकरी ती 'मजबूत' आहे काय, एवढेच विचारतो. या शब्दात दोन भिन्न गुण दडलेले आहेत : सावकाश वाढणारा भार सोसणे आणि अकस्मात बसलेला घाव पचविणे. काच भार पुष्कळ सोसते. घावाने मात्र फुटते.

घाव मोजण्याची रीत धातूंच्या अभ्यासातून आली. फ्रान्समध्ये जॉर्ज शार्पी यांनी १९०१ साली व इंग्लंडात एडविन आयझॉड यांनी १९०३ साली लंबकाची परीक्षा मांडली. खाच पाडलेला नमुना मोडून लंबक पलीकडे जितका कमी चढतो, तितकी ऊर्जा नमुन्याने शोषली, असे समजावयाचे. पुढे हीच रीत प्लास्टिकला लागू झाली.

नळीची परीक्षा निराळी. पीव्हीसी नळ्यांचे ४९८५ क्रमांकाचे भारतीय मानक १९६८ साली प्रथम निघाले. त्याच्या सुधारित आवृत्त्यांत शून्य अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेल्या नळीवर ठरावीक उंचीवरून वजन टाकतात; कारण थंडीत हे द्रव्य ठिसूळ बनते. तोरणमाळच्या हिवाळ्यात या अटीचे मोल कळते.

या गुणास 'आघातबल' म्हटले, तर षष्ठी तत्पुरुषाने आघाताचेच बल असा विपरीत अर्थ निघतो. 'आघातरोध' हा शब्द अधिक निर्दोष होय. आणि शेतकऱ्यापाशी तर 'चिवट' व 'ठिसूळ' हे नेमके शब्द पूर्वापार आहेत. ते वापरून प्रश्न विचारला, तरच त्यास परीक्षेचे उत्तर मिळेल.