माळावरील यंत्रशाळा

नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त माळावर उसाचे मळे उभे राहिले. १९३२ साली देशी साखरधंद्यास जकातीचे संरक्षण लाभले. त्यानंतर अल्पावधीतच शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबनजीक साखरेचा कारखाना उभारला. तेच आजचे वालचंदनगर होय.

ऊस पिळणाऱ्या चरकाचे रूळ कित्येक टन वजनाचे असतात. हंगामात ते झिजतात. मग यारीने उचलून, लेथवर कातून, पुन्हा नेमके जागी बसवावे लागतात. त्या काळी अशी यंत्रे ग्लासगोसारख्या दूरदेशीच्या शहरांतून येत. परंतु तोडलेला ऊस बोटीची वाट पाहत नाही! शिवारातील यंत्राची दुरुस्ती शिवारातच करणे भाग होते. अवजड लोखंड उचलता, तोलता व बसविता येऊ लागले, की ते घडविण्याचे धैर्यही अंगी येते. येथील यंत्रशाळांतून पुढे इतर साखर कारखान्यांची यंत्रे, मोठमोठे बाष्पक आणि पीएसएलव्ही अग्निबाणाच्या मोटारीची कवचेही बाहेर पडली.

वालचंद १९५३ साली निवर्तले. जेथे बंदर नाही, मोठे शहर नाही, अशा माळावर त्यांच्या मागे ही विद्या टिकली व वाढली, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.