जालन्याची रेंज आणि सीओएआयची तीस वर्षं

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या शिवारात फोनला रेंज किती मिळणार, याचा बराचसा निकाल दिल्लीत लागतो. परवाना, लहरींचा लिलाव, शुल्क, टॉवरचे नियम हे सगळं तिथे ठरतं. ते ठरताना कंपन्यांची बाजू मांडणारी संस्था म्हणजे सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच सीओएआय.

संस्थेची स्थापना १९९५ची. त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. जालना ज्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो, तिथे बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या कंपन्यांना परवाने मिळाले. कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात होता आणि इनकमिंगलाही पैसे पडत. कंपन्यांनी चढाओढीने भरमसाट बोली लावल्या होत्या. तेवढे ग्राहक मिळेनात आणि परवाना शुल्क थकलं. सीओएआयने सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं मान्य केलं. संस्थेच्या वाटचालीतलं हे पहिलं मोठं यश. दर उतरायला आणि जाळं पसरायला त्यामुळे वाव मिळाला.

पण परवान्याची अट काय होती? तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांना सेवा द्यायची. खेडी सक्तीची नव्हती. जाफराबाद, घनसावंगीसारख्या तालुक्यांतल्या गावांसाठी त्यात शब्दही नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी २००२पासून कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेच्या निधीसाठी घेतली जाऊ लागली.

पुढची काही वर्षं भांडणाची. मर्यादित फिरतीच्या स्वस्त फोनसेवेला सीओएआयने दूरसंचार लवादात आणि सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. नोव्हेंबर २००३मध्ये एकत्रित परवाना आल्यावर ते मिटलं. त्याच वर्षी मेपासून इनकमिंग मोफत झालं आणि फोन शेतमजुराच्या खिशाला परवडू लागला.

या संस्थेची ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती कॉल ड्रॉपच्या प्रकरणात. तुटलेल्या प्रत्येक कॉलला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई, असा नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०१५मध्ये केला. सीओएआय न्यायालयात गेली. दोन टक्के कॉल तुटणं ट्रायच्याच निकषात बसतं, शिवाय काही कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनीही तुटतात, हा तिचा मुद्दा होता. ११ मे २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ग्राहकाच्या हातचा रुपया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्याच निकालात न्यायालयाने संसदेला सुचवलं, की नियामकांनी नियम करण्याआधी लोकांची मतं घेऊन त्यांना उत्तर देण्याची सक्ती कायद्याने करावी. ही सूचना आपल्या फार उपयोगाची आहे.

संस्थेतही एकोपा कायम राहिला नाही. सरकारचा वाटा ज्या समायोजित महसुलावर मोजला जातो, त्याच्या थकबाकीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ला कंपन्यांच्या विरोधात गेला, तेव्हा सरकारकडे सवलत मागण्यावरून सदस्य कंपनी जिओने संघटनेवरच जाहीर आक्षेप घेतला. सप्टेंबर २०२१मध्ये केंद्राने थकबाकी भरायला चार वर्षांची मुदत दिली आणि दूरसंचाराबाहेरचं उत्पन्न यापुढच्या हिशेबातून वगळलं. ते वगळण्याची मागणी कंपन्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली होती. २०२३च्या दूरसंचार कायद्यात टॉवर आणि केबलसाठी जागा मिळवण्याची तरतूदही आली.

तीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लख्ख दिसते: जो अभ्यास करून, आकडे घेऊन, वेळेत आपलं म्हणणं मांडतो, त्याचं ऐकलं जातं. सीओएआयने ते चिकाटीने केलं. तोच रस्ता आपल्यालाही खुला आहे. ट्राय प्रत्येक विषयावर चर्चापत्र काढते, लेखी मतं मागवते, मग आलेल्या मतांवर प्रतिमतं आणि शेवटी खुली चर्चा. जालन्याच्या मोसंबी उत्पादकांच्या संघाने, बियाणं कंपन्यांनी, स्टीलच्या कारखानदारांनी, ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातल्या रेंजच्या नोंदी ठेवाव्यात: कुठल्या गटात, कुठल्या वेळी, वीज गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो. पुढचं चर्चापत्र निघेल तेव्हा त्या नोंदींसह जिल्ह्याचं लेखी म्हणणं ट्रायकडे मुदतीत गेलंच पाहिजे.