घमेल्यापासून नळीपर्यंत : महाराष्ट्रातील काँक्रीट पंप व्यवसायाची वाटचाल आणि चांदूर रेल्वे परिसर

प्रस्तावना

बांधकामाच्या इतिहासात सिमेंट, पोलाद आणि वास्तुशैली यांविषयी विपुल लेखन झाले आहे. तयार झालेले काँक्रीट मिक्सरपासून साच्यापर्यंत कोणी वाहून नेले, कशाने नेले आणि त्या वाहतुकीचे दाम कोणाच्या पदरी पडले, हा प्रश्न मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटलेला दिसतो. अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेसारख्या तालुक्यात आज काँक्रीट पंपाची नळी नवलाची राहिलेली नाही. तरीही या यंत्राचा भाडेव्यवसाय कसा उभा राहिला आणि तो का वाढला याची मांडणी मराठीत फारशी आढळत नाही. यंत्राचा शोध व त्याचा प्रसार यांच्यामध्ये जवळजवळ सहा दशकांचे अंतर का पडले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

भाड्याच्या यंत्राची वऱ्हाडी परंपरा

चांदूर या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द लागला तो त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारापासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती, परंतु कापूस रेल्वेने मुंबईला जाण्याची व्यवस्था कायम झाली आणि लोहमार्गालगतच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. या कारखान्यांचे अर्थकारण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जिनमालक कापूस विकत घेईलच असे नव्हते. पुष्कळदा तो दुसऱ्याचा कापूस ठरलेल्या दराने पिंजून, दाबून देई. यंत्र वर्षातून काही महिने चाले, उरलेले महिने गंजत पडे, आणि व्याज मात्र बाराही महिने चढे. म्हणूनच कारखानदारांनी आपसांत 'पूल' करून काही कारखाने मुद्दाम बंद ठेवले व नफा वाटून घेतला. १९२५ मध्ये या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. रिकाम्या यंत्राचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न वऱ्हाडला असा शंभर वर्षांपूर्वीपासून परिचित आहे. काँक्रीट पंपाने तोच प्रश्न नव्या रूपात पुढे आणला.

कंत्राटदार आणि त्याची स्वतःची यंत्रे

महाराष्ट्रातील आधुनिक कंत्राटी व्यवसायाचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांचे होय. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने या व्यवसायात पाऊल टाकले. पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या उद्योगसमूहाने केली. १९२६ या एकाच वर्षी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची पूर्वसुरी असलेली कंपनी आणि इंडियन ह्यूम पाइप कंपनी या दोन्ही संस्था स्थापन झाल्या, ही बाब केवळ योगायोगाची मानता येत नाही. बांधकाम आणि त्याला लागणारा काँक्रीटचा माल ही दोन्ही अंगे एकाच छत्राखाली ठेवण्याचे धोरण त्यातून दिसते.

या पद्धतीत यंत्र हे कंत्राटदाराचे असे. काम संपले की ते दुसऱ्या कामावर जाई. ज्याच्या हाती सतत मोठी कामे होती त्यालाच हे परवडणारे होते. लहान कंत्राटदाराजवळ घमेली, फावडी, बांबूची पहाड आणि मुकादमाने आणलेली माणसे एवढीच सामग्री असे. मोठ्या कामांवरही पंपाला सरसकट वाव नव्हता. १९५०च्या दशकात सुरू झालेले कोयना धरण रबल काँक्रीटचे आहे. त्यात मोठाले दगड काँक्रीटमध्ये बसविलेले असतात, आणि असे मिश्रण नळीतून ढकलता येत नाही. पंपाला चालणारी खडी नळीच्या आतल्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांशाहून मोठी असू नये, असा या धंद्यातला दंडक आहे.

शोध जुना, प्रसार उशिरा

काँक्रीट पंपाची कल्पना नवी नव्हती. जर्मनीत माक्स गीझे व फ्रिट्झ हेल यांनी १९२७ मध्ये तो प्रत्यक्षात आणला. १९३२ मध्ये डच अभियंता कोयमन याने सुधारित पंपाचे पेटंट घेतले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस द्रवचलित दोन नळकांड्यांचा पंप आला आणि यंत्र विश्वासार्ह झाले. एक नळकांडे हॉपरमधून माल ओढते, त्याच वेळी दुसरे तो नळीत ढकलते. आजचे पंपही मूलतः याच तत्त्वावर चालतात.

मग महाराष्ट्रात हे यंत्र सर्वत्र दिसू लागायला १९९०चे दशक का उजाडावे लागले? मजुरी स्वस्त होती, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते चूक नाही. पण ते अपुरे आहे. पंप हे अखंड पुरवठ्यावर जगणारे यंत्र आहे. मध्ये माल थांबला की नळीतले काँक्रीट आवळू लागते. सिमेंट मात्र त्या काळी नियंत्रणाखाली होते. घर बांधणाऱ्याला परवान्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत आणि पोती मिळत ती तुटपुंजी. सिमेंटवाटपावरून उठलेल्या वादळात, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले, यावरून या वस्तूला आलेले राजकीय मोल ध्यानात येते. फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रण उठले. पंपाचा भारतातील खरा इतिहास या दुसऱ्या तारखेपासून सुरू होतो, असे म्हणण्यास आधार आहे. ज्याला तीस पोती सिमेंटची खात्री नाही, तो तासाला तीस घनमीटर ओतणारे यंत्र भाड्याने का आणील?

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. मुंबई-पुण्यात तयार काँक्रीटचे प्रकल्प निघाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईतील उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हाती घेतले. श्विंग स्टेटर या कंपनीने १९९८ मध्ये चेन्नईजवळ बस्तान बसविले. पुट्झमायस्टरचा कारखाना गोव्यात वेर्णे येथे आणि चिनी सॅनी कंपनीचा पुण्याजवळ चाकणला आला. २०१२ मध्ये सॅनीने जर्मन पुट्झमायस्टर विकत घेतली. सुटे भाग देशात मिळू लागणे ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणच्या पंपमालकासाठी कोणत्याही विक्रमापेक्षा महत्त्वाची होती. कारण पिस्टनची सील, वेअर प्लेट आणि कटिंग रिंग हे भाग झिजतातच, आणि भागाची वाट पाहत उभ्या असलेल्या यंत्राला भाडे मिळत नाही.

तालुक्याच्या ठिकाणचे गणित

महानगरात चालणारे गणित तालुक्याच्या गावी जसेच्या तसे लागू पडत नाही. एक हजार चौरस फुटांच्या, पाच इंच जाडीच्या घरगुती स्लॅबला सुमारे बारा घनमीटर काँक्रीट लागते. ताशी तीस घनमीटर क्षमतेचा पंप ते अर्ध्या तासात ओतू शकेल. परंतु नळ्या जोडणे, आधी स्लरी सोडून नळी ओली करणे आणि शेवटी स्पंजचा गोळा घालून ती धुणे यांत त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. १२५ मिलिमीटर व्यासाच्या १०० मीटर नळीत सव्वा घनमीटरच्या आसपास माल भरलेला राहतो. म्हणजे एवढ्या लांबीची नळी टाकल्यास छोट्या स्लॅबच्या दहाव्या हिश्शाइतके काँक्रीट नळीतच असते. ते युक्तीने शेवटी साच्यात उतरविता आले नाही, तर नफा रस्त्याच्या कडेला सांडतो. म्हणून लहान घरांवर लिफ्ट मिक्सर टिकून राहिला, आणि त्यात मागासलेपणा पाहण्याचे कारण नाही. पंपमालकाची वाढ मोठ्या कामांवरच अवलंबून राहते: पूल, पाण्याच्या टाक्या, शाळा-महाविद्यालयांच्या इमारती, बहुमजली संकुले.

स्थानिक परिस्थितीचाही विचार करावा लागतो. अमरावतीहून चांदूर रेल्वे सुमारे तीस किलोमीटर. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरविले जावे, असे भारतीय मानक ४९२६ (२००३) मध्ये सांगितले आहे. अंतर त्या मर्यादेत बसते. पण वऱ्हाडच्या मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते तेव्हा दोन तास ही मर्यादा कागदावरच उरते. अशा दिवसांत पहाटे किंवा रात्री ओतण्याखेरीज गत्यंतर नसते. पश्चिमेकडे, पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, दुसरी अडचण येते. पोलादी सळ्यांच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, ही भारतीय मानक ४५६ ची मर्यादा आहे. त्यामुळे विहिरीच्या खाऱ्या पाण्याऐवजी टँकर मागवावा लागतो आणि तो खर्च दरात धरावा लागतो.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून गेला. नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. या रस्त्याने पंपधंद्याला सुगी आणली असे सरसकट मानणे मात्र बरोबर नव्हे. रस्त्याच्या पृष्ठभागाचे घट्ट काँक्रीट टिपरने आणून पेव्हर यंत्राने पसरतात. पंपाचे काम पूल, मोऱ्या आणि भुयारी मार्ग यांपुरते राहते. शिवाय मोठे कंत्राटदार स्वतःची सामग्री घेऊन येतात आणि काम संपताच निघून जातात. वालचंदांच्या काळची पद्धत इतक्या वर्षांनीही पूर्णपणे मोडलेली नाही.

उधारी

या व्यवसायाची खरी परीक्षा यंत्रापेक्षा वसुलीत होते. पंप कर्जाने घेतलेला असतो. हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. डिझेल रोखीने भरावे लागते. भाडे मात्र मुख्य कंत्राटदाराचे बिल शासकीय खात्यातून निघाल्यावर, म्हणजे अनिश्चित काळाने, हाती येते. लहान पुरवठादार अशा रीतीने मोठ्या कंत्राटदाराला बिनव्याजी भांडवल पुरवितो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने नोंदणीकृत लहान उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत फेडण्याचे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचे बंधन घातले. २०२३ च्या वित्त कायद्याने या मुदतीत न फेडलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरू न देण्याची तरतूद केली. तरतूद कठोर आहे. परंतु पुढचे काम ज्याच्याकडून मिळायचे त्याच्याविरुद्ध अर्ज करण्यास लहान मालक धजत नाही, हे वास्तव कायद्याला बदलता आलेले नाही. दुसरा पंप घ्यावा की नाही हा निर्णय म्हणूनच मागणीपेक्षा येणे किती अडकले आहे यावर ठरतो. एका यंत्राची उधारी वसूल होण्याआधी दुसरे घेणारे मालक एकाऐवजी दोन हप्त्यांत अडकतात.

घमेलेवाल्यांचे काय झाले

बारा घनमीटर काँक्रीटचे वजन अठ्ठावीस-एकोणतीस टन भरते. एका घमेल्यात वीस किलो धरले, तर त्या एका स्लॅबसाठी चौदाशेहून अधिक खेपा होतात. या खेपा करणाऱ्या टोळीत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. गवंडी, सेंट्रिंग व सळई यांची कामे पुरुषांकडे, आणि डोक्यावरची वाहतूक स्त्रियांकडे, अशी ही विभागणी होती. वाहतूकच नळीत गेली, तेव्हा नाहीसे झाले ते प्रामुख्याने स्त्रियांचे काम. पंपाच्या चमूत चालक, त्याचा मदतनीस आणि नळ्या जोडणारे चार-सहा जण असतात, आणि ते बहुतेक पुरुषच असतात. डोक्यावरचे ओझे उतरले, हे स्वागतार्हच; त्याबरोबर मजुरीही उतरली, याची नोंद यंत्राच्या जाहिरातीत सापडणार नाही.

याचा परिणाम कल्याणकारी योजनांवरही झाला. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याची अट घातली. स्लॅबच्या दिवसाचे काम तासाभरावर आले, टोळीला महिन्यातून चार-दोनच बोलावणी येऊ लागली, की शेतमजुरी आणि बांधकाम यांच्यामध्ये फिरणाऱ्या बाईला हे ९० दिवस जुळविणे अवघड होते. सोयाबीन-कापसाच्या हंगामातले दिवस त्यात धरले जात नाहीत.