शेवट सगळ्यांना माहीत होता, तरी जगाने झपाटून वाचली! 'जॅकल'च्या जनकाची गोष्ट

खुनाचा कट फसणार आहे हे आधीच माहीत असेल, तर ती कादंबरी कोणी का वाचेल?

१९७० साली लंडनमधल्या प्रकाशकांना नेमका हाच प्रश्न पडला होता. एका बेकार पत्रकाराने आणलेल्या हस्तलिखितात १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष चार्ल्स द गॉल यांना मारण्याची सुपारी एका भाडोत्री मारेकऱ्याला दिली जाते. अडचण एवढीच होती, की खरेखुरे द गॉल तेव्हा जिवंत होते! म्हणजे मारेकरी अपयशी ठरणार हे पुस्तक न उघडताही कळत होतं. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं.

ते हस्तलिखित होतं 'द डे ऑफ द जॅकल'चं आणि तो पत्रकार होता फ्रेडरिक फोर्साइथ. पुढे त्यांच्या पुस्तकांच्या ७ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या यशामागे होती त्यांची बातमीदारी. त्यांनी कादंबरी लिहिली तीही बातमीसारखी. म्हणूनच वाचकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि काहींनी तर नको इतका ठेवला.

विमानाचं वेड आणि बातमीदारीची नोकरी

फोर्साइथ यांचा जन्म २५ ऑगस्ट १९३८ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, अ‍ॅशफर्ड इथे झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक. दुसरं महायुद्ध सुरू असताना पाच वर्षांच्या फ्रेडरिकला कुणीतरी स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवलं आणि तेव्हाच वैमानिक व्हायचं ठरलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे.

वडिलांनी त्यांना सुट्ट्यांमध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या कुटुंबांकडे राहायला पाठवलं. त्यामुळे फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना मातृभाषेसारख्या येऊ लागल्या. पुढे आयुष्यभर याच भाषांनी त्यांना हात दिला.

ब्रिटिश हवाई दलात त्यांनी व्हॅम्पायर हे जेट विमान चालवलं. मात्र जग पाहायचं तर पत्रकारिताच हवी, असं वाटून ते एका स्थानिक दैनिकात रुजू झाले. १९६१ मध्ये ते रॉयटर्स या वृत्तसंस्थेत आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी पॅरिसला झाली.

पॅरिसमध्ये सापडलेलं कथानक

तेव्हाचं पॅरिस अस्वस्थ होतं. द गॉल यांनी अल्जेरियाला स्वातंत्र्य दिल्यामुळे 'ओएएस' ही कडवी संघटना त्यांच्या जिवावर उठली होती. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळच्या पेटी-क्लामारमध्ये त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. द गॉल थोडक्यात बचावले.

तरुण फोर्साइथ यांचं काम होतं अध्यक्षांच्या मागे मागे फिरायचं. हल्ला झालाच, तर बातमी सर्वात आधी आपल्याकडून जायला हवी! हे करता करता त्यांची अंगरक्षकांशी ओळख झाली आणि सुरक्षाव्यवस्था कशी चालते ते त्यांनी जवळून पाहिलं. पोलिसांच्या दप्तरी ओएएसच्या बहुतेक माणसांची नोंद आहे, मग बाहेरचा, कुठेच नोंद नसलेला मारेकरी आणला तर? हा विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

१९६३ मध्ये ते पूर्व बर्लिनला गेले. तिथे त्यांची एकदा चांगलीच फजिती झाली. एका रात्री रस्त्यावरून रणगाडे आणि सैन्याचा मोठा ताफा जाताना दिसला. त्यांनी लगेच बातमी धाडली आणि पाश्चात्त्य राजधान्यांमध्ये खळबळ उडाली. नंतर कळलं, की ती १ मेच्या संचलनाची रंगीत तालीम होती!

बियाफ्रा: जिथे पत्रकार बदलला

१९६५ मध्ये ते बीबीसीत आले. दोन वर्षांनी नायजेरियाचा पूर्व भाग 'बियाफ्रा' या नावाने वेगळा झाला आणि यादवी युद्ध पेटलं. फोर्साइथ यांना तिथे पाठवण्यात आलं. युद्ध काही दिवसांत संपेल, असं लंडनला वाटत होतं. प्रत्यक्षात ते जानेवारी १९७० पर्यंत चाललं.

ब्रिटिश सरकार नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या पाठीशी होतं. बियाफ्राची नाकेबंदी झाली आणि लाखो माणसं, त्यातही लहान मुलं, भुकेने मेली. या युद्धाचं वार्तांकन सुरू ठेवण्यात वरिष्ठांना रस नव्हता, असं फोर्साइथ पुढे सांगत. त्यांनी १९६८ मध्ये नोकरी सोडली आणि ते स्वतंत्र पत्रकार म्हणून परत बियाफ्रात गेले.

१९६९ मध्ये 'द बियाफ्रा स्टोरी' हे त्यांचं पहिलं पुस्तक आलं. ते कादंबरी नव्हतं, तर युद्धाचा वृत्तान्त होता. त्यात त्यांनी उघडपणे बियाफ्राची बाजू घेतली. बियाफ्राचे नेते ओजुक्वू यांच्याशी त्यांची मैत्री होती, त्यामुळे ते एकांगी लिहितात अशी टीकाही झाली. पण भुकेने मरणारी मुलं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरकारी निवेदनावरचा त्यांचा विश्वास तिथेच कायमचा उडाला. अधिकृत कागद एक सांगतो आणि जमिनीवर वेगळंच घडतं, ही त्यांच्या जवळपास प्रत्येक कादंबरीतली जाणीव इथून आली.

खिशात दमडी नाही, हाताशी जुना टाइपरायटर

परतल्यावर त्यांच्याकडे नोकरी नव्हती, घर नव्हतं आणि पैसेही नव्हते. एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये आसरा मिळाला. २ जानेवारी १९७० रोजी त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टाइपरायटर ठेवला आणि पॅरिसमधली ती कल्पना कागदावर उतरवायला सुरुवात केली. ३५ दिवसांत कादंबरी पूर्ण झाली. याच दिवसांत तिकडे बियाफ्राने शरणागती पत्करली.

प्रकाशकांचे नकार आल्यावर फोर्साइथ यांनी एक शक्कल लढवली. त्यांनी कादंबरीचा थोडक्यात गोषवारा तयार केला आणि त्यात स्पष्ट केलं, की यातला मुद्दा 'द गॉल मरतात का' हा नाहीच. मुद्दा आहे, 'मारेकरी किती जवळ पोहोचतो आणि त्याला कसं रोखलं जातं'. हचिन्सन या प्रकाशनसंस्थेला ते पटलं आणि १९७१ मध्ये पुस्तक बाजारात आलं.

पुढच्या वर्षी अमेरिकेतला मानाचा 'एडगर' पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये फ्रेड झिनेमन यांनी त्यावर चित्रपट काढला. १९८८ साली मामुटी यांचा 'ऑगस्ट १' हा मल्याळम चित्रपट याच कथेवरून प्रेरणा घेऊन आला. २०२४ मध्ये एडी रेडमेन यांची वेबमालिका आली, तेव्हा हे पुस्तक न वाचलेली पिढीही जॅकलला ओळखू लागली. फोर्साइथ यांच्या कादंबऱ्यांचे मराठीतही अनुवाद झाले आहेत.

वाचकांना ते खरं का वाटलं?

फोर्साइथ यांच्या आधीच्या बहुतेक हेरकथांमध्ये नायक रुबाबदार असे आणि तपशील धूसर. फोर्साइथ यांनी उलट केलं. त्यांचा जॅकल फारसं बोलत नाही, त्याचं खरं नावही आपल्याला कळत नाही. पण तो बंदूक कशी बनवून घेतो, ती सीमेपलीकडे कशी नेतो, वेश कसा बदलतो, हे सगळं टप्प्याटप्प्याने दिसतं. खऱ्या मंत्र्यांची नावं, खरे रस्ते आणि खऱ्या घटना यांच्यामध्ये काल्पनिक माणूस अशा बेमालूमपणे बसवलेला, की सांधा सापडू नये.

कादंबरीसाठी ते महिनोन् महिने माहिती गोळा करत. प्रत्यक्ष लिखाण मात्र काही आठवड्यांत संपे. टाइपरायटर त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

कादंबरीतली युक्ती खऱ्या जगात

जॅकल खोटा पासपोर्ट कसा मिळवतो? लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव तो कबरीवरून शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्या नावाने अर्ज करतो. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात नसल्यामुळे ही पळवाट खरोखर अस्तित्वात होती. पुस्तक गाजलं तरी ती अनेक वर्षं बुजवली गेली नाही.

याचा सर्वात अस्वस्थ करणारा वापर गुन्हेगारांनी नाही, तर पोलिसांनी केला. लंडन पोलिसांचे गुप्त अधिकारी आंदोलकांमध्ये घुसण्यासाठी मृत मुलांची नावं वापरत होते. नोंदणी कार्यालयात जाऊन असं नाव शोधण्याला त्यांच्यात 'जॅकल रन' म्हणत! २०१३ मध्ये हे उघड झाल्यावर पोलिसांना माफी मागावी लागली. वाचकासाठी जी चलाख युक्ती होती, ती कित्येक आईवडिलांसाठी जुनी जखम उघडणारी ठरली.

कुख्यात दहशतवादी कार्लोसला 'जॅकल' हे नाव कसं पडलं, तेही मजेशीर आहे. १९७५ मध्ये लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये त्याची शस्त्रं सापडली आणि तिथल्या कपाटात एका पत्रकाराला ही कादंबरी दिसली. ते पुस्तक कार्लोसचं नव्हतंच, असं नंतर समोर आलं. पण नाव मात्र कायमचं चिकटलं.

१९७२ मधल्या 'द ओडेसा फाइल'ची कथा तर त्याहून वेगळी. रिगा इथल्या ज्यू वस्तीत हजारोंच्या मृत्यूला जबाबदार असलेला एडुआर्ड रोशमन हा खरा नाझी अधिकारी फोर्साइथ यांनी खलनायक म्हणून घेतला. त्यासाठी नाझींचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांनी त्यांना मदत केली. १९७४ मध्ये त्यावर चित्रपट आला आणि रोशमन हे नाव जगभर पोहोचलं. अर्जेंटिनात लपलेल्या रोशमनला चित्रपटामुळेच कुणीतरी ओळखलं, असं फोर्साइथ सांगत. अटकेची चिन्हं दिसू लागताच तो पॅराग्वेला पळाला आणि १९७७ मध्ये तिथेच मेला. न्यायालयात तो कधीच उभा राहिला नाही, पण त्याला निवांत म्हातारपणही लाभलं नाही.

माहितीसाठी वाटेल ते

'द डॉग्ज ऑफ वॉर' ही भाडोत्री सैनिकांवरची कादंबरी. तिच्यासाठी फोर्साइथ खोटी ओळख घेऊन हॅम्बुर्गमधल्या शस्त्रदलालांना भेटले. दुर्दैवाने एका दलालाला पुस्तकांच्या दुकानात 'जॅकल'ची जर्मन आवृत्ती दिसली आणि तिच्यावर या 'ग्राहकाचा' फोटो होता! वेळीच इशारा मिळाला, म्हणून फोर्साइथ हॉटेल सोडून धावत स्टेशनवर पोहोचले आणि निघालेल्या गाडीत चढून निसटले.

याच काळात इक्वेटोरियल गिनीमधल्या फसलेल्या बंडाच्या कटात त्यांचा हात होता, असा आरोप १९७८ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रातून झाला. आपण फक्त माहिती मिळवत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तपशिलाच्या हव्यासाची ही दुसरी बाजू. निरीक्षक कुठे संपतो आणि सहभागी कुठे सुरू होतो, ही रेषा त्यांच्या आयुष्यात बरेचदा पुसट झाली.

२०१५ मध्ये आलेल्या 'द आउटसायडर' या आत्मचरित्रात त्यांनी आणखी एक कबुली दिली. बियाफ्राच्या दिवसांपासून अनेक वर्षं आपण एमआय ६ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेची कामं करत होतो, तीही बिनपगारी!

वय वाढलं तरी ही सवय सुटली नाही. मार्च २००९ मध्ये सत्तरीतले फोर्साइथ 'द कोब्रा'च्या तयारीसाठी गिनी-बिसाऊमध्ये होते आणि नेमकी त्याच वेळी तिथल्या अध्यक्षांची हत्या झाली. कादंबरीकार पुन्हा बातमीदार झाला. 'द किल लिस्ट'साठी ते सोमालियातल्या मोगादिशूलाही जाऊन आले. २०१६ मध्ये मात्र, आता असा प्रवास झेपत नाही म्हणून थ्रिलर लिहिणं थांबवतो, असं त्यांनी जाहीर केलं. न पाहिलेल्या जागेबद्दल लिहिणं त्यांना पटणारं नव्हतं. तरीही २०१८ मध्ये 'द फॉक्स' आलीच.

रक्ताचा थेंबही नसलेली गोष्ट

फोर्साइथ यांचं वाचकांशी सर्वात हळवं नातं जोडलं ते 'द शेफर्ड' या छोट्याशा कथेने. नाताळच्या रात्री इंधन आणि दिशा हरवलेल्या वैमानिकाला धुक्यात एक जुनं विमान वाट दाखवतं, एवढीच ती गोष्ट. पत्नीने भेट म्हणून भुताची गोष्ट मागितली, म्हणून त्यांनी ती लिहिली. १९७५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. कॅनडाच्या सरकारी रेडिओवर १९७९ पासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती ऐकवली जाते आणि तिथल्या कित्येक घरांत सगळे मिळून ती ऐकतात.

मागे काय उरलं?

९ जून २०२५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी फोर्साइथ यांचं निधन झालं.

त्यांनी थ्रिलर लिहिणाऱ्यांसाठी एक मापदंड घालून दिला: वाचकाला शेवट माहीत असला तरी चालेल, पण त्याला तपशिलात फसवू नका. पडताळून न पाहता एखादी गोष्ट 'फॉरवर्ड' करणं आज एका बोटाचं काम झालं आहे. अशा काळात, काल्पनिक गोष्टीतला रस्तासुद्धा स्वतः चालून पाहणारा हा लेखक वाचायलाच हवा. पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'द डे ऑफ द जॅकल'पासून सुरुवात करा. द गॉल वाचतात हे तुम्हाला आता माहीत आहे, तरीही शेवटच्या पानापर्यंत श्वास रोखलेलाच राहील!