तिसऱ्या धावपटूचे सुवर्ण

१२ जुलै १९२४. पॅरिसनजीकच्या कोलोंब येथील ऑलिंपिक क्रॉस-कंट्री शर्यतीत पारा चाळिशीपार गेला होता. ३८ जण धावले. पोहोचले अवघे १५.

फिनलंडचा पावो नुर्मी मात्र फेरफटका मारून यावा तसा पहिला आला. त्याचाच देशबांधव व्हिले रिटोला सुमारे दीड मिनिटाने दुसरा. तरीही सांघिक सुवर्ण अधांतरीच होते, कारण प्रत्येक संघाचे तिघे पोहोचणे आवश्यक होते.

तिसरा होता हेक्की लिमातैनेन. उन्हाने भान हरपलेला हा गडी अंतिम रेषेच्या अलीकडेच थबकला! अखेर तो कसाबसा बाराव्या क्रमांकाने रेषा ओलांडून गेला. सुवर्ण फिनलंडचे झाले. छायाचित्रे अर्थातच नुर्मीची छापली जातात.

त्यानंतर ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री धाव पुन्हा झाली नाही.